शेतसाऱ्याची आकारणी आणि १८७५ चा दक्खनचा दंगा

आपल्या शेताच्या सात-बाराच्या उताऱ्यावर 'आकार' या सदराखाली रुपये-पैशांचा जो लहानसा आकडा असतो, त्याकडे आज बहुतेक खातेदार ढुंकूनही पाहत नाहीत. पाण्याची पट्टी, बियाण्याची किंमत, मजुरी यांपुढे तो आकडा क्षुल्लक वाटतो, आणि तसा तो आहेही. परंतु याच आकड्याच्या पूर्वजापायी पुणे व नगर जिल्ह्यांतील शेकडो कुणबी १८७५ साली तुरुंगात गेले, हे आमच्या वाचकांपैकी थोड्यांच्याच ध्यानी असेल. शाळेच्या पुस्तकांत या दंग्याची हकीकत चार ओळींत आटोपलेली असते. सावकारांनी नाडले, शेतकरी खवळले, कागद जाळले, झाले. हे खोटे नाही, पण अर्धे आहे. जे कागद जाळले गेले ते जन्मास कोठून आले, हे पाहिल्यावाचून त्या दंग्याचे मर्म कळणार नाही; आणि ते पाहावयाचे तर प्रथम जमाबंदीच्या कामाची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. आमची उमर महसुली दप्तरात कारकुनी करण्यात गेली असल्यामुळे हा भाग आम्ही जरा सावकाश सांगणार आहोत. वाचकांनी कंटाळू नये.

१८१८ साली पेशवाई बुडाली तेव्हा इंग्रज अंमलदारांस सर्वांत मोठी अडचण पडली ती साऱ्याची. दुसऱ्या बाजीरावाच्या अखेरच्या वर्षांत परगण्यांचे वसूल मक्त्याने देण्याची चाल पडली होती, व मक्तेदार दोन-चार वर्षांत हात धुऊन घेत. तेव्हा जुने ते सगळे सोने होते असे म्हणणे आम्हांस मान्य नाही. परंतु नवे जे आले त्याचा पहिला प्रयोग फारच फसला. प्रिंगल नावाच्या मुलकी साहेबाने १८२७ च्या सुमारास पाहणी सुरू केली. त्याचा हिशेब विलायतेतील अर्थशास्त्राच्या पुस्तकांतला होता: शेताचे एकंदर उत्पन्न काढावे, त्यातून मशागतीचा खर्च वजा घालावा, आणि जी शिल्लक राहील तिच्या दरशेकडा ५५ सरकारने घ्यावे. कागदावर हे न्यायाचे दिसते. पण प्रत्येक शेताचे एकंदर उत्पन्न आणि खर्च ठरवावयाचा कोणी? खालच्या नोकरांनी. त्यांनी काय ठरविले व कोणाच्या सांगण्यावरून ठरविले, हे निराळे सांगावयास नको. १८३० साली ही आकारणी इंदापुरास लागू झाली, आणि थोड्याच वर्षांत रयत शेते टाकून निजामाच्या मुलखात जाऊ लागली. इंदापूर तालुक्यात काळी जमीन पडीक दिसू लागली तेव्हा सरकार जागे झाले.

मग गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट या दोघांनी १८३५-३६ साली इंदापूरचे काम नव्याने हाती घेतले. यांनी उत्पन्न-खर्चाचा घोळ सोडून दिला व जमिनीकडे पाहिले. ३३ फुटांची साखळी घेऊन मोजणी झाली. साखळीभर लांब व साखळीभर रुंद तो गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. एक बैलजोडी जेवढी जमीन नीट वाहील तेवढ्याचा सुमारे एक सर्व्हे नंबर धरला. पुढे प्रतबंदी. जमिनीच्या रंगावरून व पोतावरून तीन जाती ठरविल्या. पहिली बारीक पोताची काळी ते काळसर. दुसरी तिच्याहून भरड, बहुधा तांबूस. तिसरी मुरमाड किंवा भुसभुशीत, फिकी. खोली हाताने मोजली. पावणेदोन हात खोल असलेली पहिल्या जातीची जमीन १६ आण्यांची. तेथून खाली १४, १२, १०, ८, ६, साडेचार, ३ व शेवटची नववी प्रत २ आण्यांची. चुनखडीचे खडे, वाळूचे मिश्रण, उतार, पाणी न मुरणे, ओढ्याच्या पाण्याने वाहून जाण्याचे भय, उपळाचा पाझर असे जे दोष सापडतील त्यांतील प्रत्येक दोषाला एक प्रत खाली उतरवावयाची. १८४७ साली विंगेट, गोल्डस्मिड व डेव्हिडसन या तिघांनी मिळून जो रिपोर्ट लिहिला त्यात हे सर्व नियम बांधून दिले, आणि मुंबई इलाख्याची जमाबंदी पुढे त्याच धोरणाने चालली.

हे काम उत्तम होते, असेच आम्ही म्हणू. खणून, खोली पाहून, दोष मोजून केलेली ही प्रतबंदी शेतकऱ्यालाही पटत असे, कारण आपली जमीन शेजाऱ्याच्या जमिनीहून दोन आणे हलकी की भारी हे त्याला पिढ्यान्पिढ्या ठाऊकच होते. दरही पूर्वीपेक्षा हलके ठेवले, ३० वर्षे ते वाढणार नाहीत असा करार दिला, आणि पडीक जमिनी पुन्हा नांगराखाली आल्या.

पण या पद्धतीत दोन आकडे असत, हे वाचकांनी नीट ध्यानात धरावे. एक आकडा जमिनीच्या आण्यांचा. दुसरा गावांच्या गटाचा कमाल दर, म्हणजे त्या गटातील १६ आणे प्रतीच्या एकराला किती सारा, हा. उदाहरणार्थ, गटाचा कमाल दर एकरी १ रुपया असेल तर ८ आणे प्रतीच्या जमिनीस एकरी ८ आणे सारा. दर दीड रुपया झाला की त्याच जमिनीस १२ आणे. पहिला आकडा कुदळीने ठरतो. दुसरा ठरतो तो पाऊसमान, बाजाराचे अंतर, मागील वसूल, धान्याचे भाव अशा गोष्टींवरून, म्हणजे शेवटी साहेबांच्या मतावरून. तो का ठरला हे खातेदाराला विचारण्याची सोय नव्हती. जमाबंदीच्या सगळ्या तंट्यांचे मूळ या दुसऱ्या आकड्यात आहे.

आणखी एक गोष्ट. सारा रोख आणि ठराविक झाला. पीक आठ आणे येवो की दोन आणे, हप्त्याची तारीख व रक्कम तीच. भीमथडी, इंदापूर, शिरूर, श्रीगोंदे ही अवर्षणाची जमीन; पाच वर्षांत दोन पिके बरी आली तर नशीब म्हणावयाचे. अशा ठिकाणी सरासरीवर बसविलेला सारा वाईट वर्षी भरावयाचा तो कशातून? चांगल्या वर्षीच्या शिलकेतून, असे साहेब म्हणत. ज्याच्या घरी पेव भरलेले असे त्याला ते जमे. बाकीच्यांचा हप्ता सावकार भरी. पुष्कळ गावांत चाल अशी होती की सावकारच चावडीवर जाऊन आपल्या कुळांचा सारा भरी, आणि पिकाच्या वेळी धान्य आपल्या घरी नेई. सरकारचा वसूल बिनबोभाट होई, त्यामुळे कोणाची तक्रार नव्हती.

आता कायद्यांकडे वळू. सर्व्हे झाल्यावर जमीन खातेदाराच्या नावे पक्की झाली, म्हणजे ती विकता व गहाण टाकता येऊ लागली. पूर्वी सावकाराचे तारण म्हणजे कुळाचे पीक व कुळाची अब्रू. आता तारण जमीन झाली, आणि सावकार पूर्वी देत नसे इतके कर्ज देऊ लागला. १८२७ च्या रेग्युलेशनाने कोर्टातून दरसाल १२ टक्क्यांवर व्याज मिळत नसे. १८५५ च्या कायद्याने ती मर्यादा उठली. १८५९ साली मुदतीचा कायदा आला. साध्या खताची मुदत ३ वर्षे, नोंदलेल्या खताची ६ वर्षे. पुढे दावा चालावयाचा नाही. कायदा करणारांचा हेतू असा की जुनी मढी उकरून ऋणकोस छळू नये. परिणाम उलटा झाला. मुदत भरत आली की सावकार कुळाला बोलावी, मुद्दल व व्याज एकत्र करून नवे खत लिहून घेई, न दिल्यास फिर्यादीचा धाक घाली.

याचा परिणाम काय होतो हे कोणीही पाटीवर करून पाहावे. १०० रुपये कर्ज, व्याज दरमहा दरशेकडा २ रुपये. तीन वर्षांत व्याज ७२. नवे खत १७२ चे. आणखी तीन वर्षांनी खत सुमारे २९६ चे. नववे वर्ष संपताना ५०९ चे. मध्यंतरी कुळाने नवा एक रुपयाही घेतलेला नाही. आपल्या धर्मशास्त्रात दामदुपटीचा नियम आहे. व्याज मुद्दलाइतके झाले की वाढ थांबली पाहिजे, म्हणजे १०० चे २०० हून अधिक मागता येऊ नयेत. पण खत नवे झाले की जुने व्याज हेच नवे मुद्दल बनते, आणि दामदुपट जागच्या जागी मरते. कोर्टापुढे येते ते शेवटचे खत. मुनसफ विचारी, सही तुझी आहे काय? अंगठा तर त्याचाच. पुष्कळदा एवढेही विचारण्याची वेळ येत नसे, कारण समन्स लागले तरी कुळ तालुक्याच्या गावी जात नसे व हुकूमनामा एकतर्फी होई.

हे सर्व असूनही १८६० नंतर काही वर्षे बरी गेली. अमेरिकेत १८६१ पासून १८६५ पर्यंत यादवी युद्ध चालू होते, तिकडचा कापूस विलायतेस जाईना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. रेल्वेच्या बोरघाटाचे काम चालू होते. गाडीबैल असलेल्यास रोख मजुरी मिळे. सावकारांनी हात सैल सोडला, कुळांनीही घेतले. लग्ने थाटाची झाली, विहिरीही खणल्या गेल्या. १८६५ साली युद्ध संपले आणि भाव कोसळला. इंदापूरची ३० वर्षे नेमकी याच वेळी भरली. १८६७ साली नवी जमाबंदी झाली ती तेजीच्या वर्षांतील भाव डोळ्यांपुढे ठेवून. सारा मोठ्या प्रमाणात चढला. पुढे भीमथडी व शेजारच्या तालुक्यांतही तेच झाले, आणि काही खात्यांवरचा बोजा दुपटीवर गेला. १८७० नंतर धान्याचेही भाव उतरले. म्हणजे आकार तेजीचा, आणि तो भरावयाचा मंदीच्या पैशांनी. पुण्याच्या सार्वजनिक सभेने याविरुद्ध लिहिले. १८७४ साली सरकारने मर्यादा घातली की वाढ तालुक्यावर किंवा गटावर दरशेकडा ३३, एका गावावर ६६ व एका खात्यावर १०० यांपलीकडे जाऊ नये. खात्यावर शंभर टक्के वाढ ही जेथे सवलत म्हणून जाहीर करावी लागते, तेथे आधी काय चालले असेल याचा वाचकांनीच तर्क करावा.

त्यानंतर एक चांगल्या हेतूचा हुकूम निघाला आणि ठिणगी पडली. फेब्रुवारी १८७५ मध्ये सरकारने ठरविले की थकलेल्या साऱ्यासाठी एकदम जमीन विकू नये, आधी खातेदाराची जंगम चीजवस्त जप्त करावी. जमीन वाचावी हा उद्देश. परंतु सावकाराने हिशेब केला: जमीन आपल्याकडे गहाण आहे, सारा न भरल्यास ती जाईल या भीतीने आपण आजवर भरत होतो, आता ती भीती उरली नाही, मग आपण का भरावे? त्यांनी हात आखडला. ज्या कुळांचे सर्व धान्य सावकाराच्या पेवात गेले होते, त्यांच्याच दाराशी सरकारचा माणूस भांडी मोजावयास आला. धान्य ज्याने नेले त्याने हप्ता भरावा, ही गावची समजूत होती. कायद्यात तिला जागा नव्हती. आमच्या मते सगळ्या प्रकरणात कुणब्याच्या मनाला लागले ते हे. कर्ज त्याने पिढ्यान्पिढ्या सोसले होते, पण शब्द मोडलेला त्याला सोसवला नाही.

शिरूर तालुक्यातील कर्डे गावी डिसेंबर १८७४ मध्येच सावकारावर बहिष्कार पडला होता. न्हाव्याने, पाणक्याने त्याचे काम सोडले व त्याला शिरुरास जाऊन राहावे लागले. तेथे मारहाण झाली नाही. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी लोक जमले आणि सावकारांची घरे-दुकाने फोडली. तेथून दंगा पुणे व नगर जिल्ह्यांत गावोगाव पसरला. सगळीकडे मागणी एकच: खते आणि हुकूमनामे बाहेर काढा. जेथे सावकाराने कागद दिले तेथे ते जाळून लोक घरी गेले. जेथे दिले नाहीत तेथे कडबा पेटला. इतका मोठा दंगा होऊन अंगावर हात टाकल्याचे प्रकार थोडे झाले, ही गोष्ट सरकारी चौकशीतही नमूद आहे. जाच झाला तो बहुतेक बाहेरून येऊन स्थायिक झालेल्या मारवाडी व गुजर सावकारांस. गावच्या जुन्या सावकारांच्या वाटेस लोक फारसे गेले नाहीत. एकाच खताचे व्याज परका घेवो वा आपला, आकडा तोच पडतो, तेव्हा या भेदाचे आम्ही समर्थन करणार नाही. एकंदर ९५१ लोक पकडले. ५०१ जणांस शिक्षा झाली.

सरकारने चौकशीस कमिशन नेमले. त्याच्या रिपोर्टातील एक हिशेब महत्त्वाचा आहे. नगर जिल्ह्यातील १२ गावांचे कागद पाहता सुमारे एक-तृतीयांश खातेदार कर्जात बुडालेले, आणि त्यांचे कर्ज सरासरी त्यांच्या साऱ्याच्या १८ पट. यावरून बहुसंख्य सभासदांनी असे म्हटले की कर्ज जर साऱ्याच्या अठरा पट आहे, तर सारा हे त्याचे मुख्य कारण कसे असेल? परंतु त्यांच्यातीलच ऑकलंड कॉल्व्हिन या सभासदाने साऱ्याच्या वाढीवर स्वतंत्र टिपण लिहून तिला बराच दोष दिला. दोहोंत खरे कोण, हे वर पाटीवर केलेल्या हिशेबावरून समजेल. १०० रुपयांचे ५०९ होण्यास नऊ वर्षे व तीन खते पुरतात. तेव्हा अठरा पटीच्या मुळाशी मूळचा हप्ता किती लहान असू शकतो, हे सांगावयास कमिशन नको. कर्जाला लग्नकार्य, बैल मरणे, अवर्षण ही कारणे होतीच. पण दरसाल ठरल्या तारखेस रोख रकमेसाठी सावकाराची पायरी चढावयास लावणारे कारण एकच होते.

यापुढे सरकारने दोन कायदे केले, आणि आमच्या या लेखाचे तात्पर्य त्या दोहोंच्या तुलनेत आहे. १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा पुणे, नगर, सोलापूर व सातारा या जिल्ह्यांस लागू झाला. त्याने कोर्टास खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याची सत्ता दिली, कर्जापायी कैद बंद केली, पावत्या देणे भाग पाडले, मुदत वाढविली, दामदुपटीस पुन्हा जीव दिला. सावकारांनी गहाणाऐवजी खरेदीखते लिहून घेऊन त्यातूनही वाटा काढल्या. तरी कायदा चांगला, यात संशय नाही.

परंतु त्याच्या आधी तीन वर्षे, १८७६ साली, दुसरा एक कायदा झाला होता. त्याचा बोभाटा कोठेच झाला नाही. तो मुंबई इलाख्यातील महसुली अधिकारासंबंधीचा. उत्तर कानड्याकडील एका जमीनदाराने वाढीव आकारणीविरुद्ध मुंबईच्या हायकोर्टापर्यंत दाद मागितली होती. १८७५ साली ती फेटाळली गेली. पुढे असा प्रसंगच येऊ नये अशी तजवीज या कायद्याने झाली: शेतसाऱ्याच्या आकारणीबद्दल दिवाणी कोर्टाने दावा ऐकू नये. म्हणजे सावकाराने १०० चे ५०९ कसे केले हे कोर्टाने तपासावे, पण सरकारने १ रुपयाचा दीड रुपया का केला हे तपासू नये. सावकाराच्या कागदाच्या मागे जाण्याची वाट उघडली, सरकारच्या कागदाच्या मागे जाण्याची वाट बंद केली. वर ज्याला आम्ही दुसरा आकडा म्हटले तो कुलुपात गेला.

जेथे कोर्टात जाता येत नाही तेथे लोक दुसरी वाट शोधतात. १८९६-९७ च्या दुष्काळात सार्वजनिक सभेने व टिळकांच्या 'केसरी'ने गावोगाव सूट-तहकुबीचे नियम समजावून दिले. १८९७ साली सरकारने सभेची मान्यता काढून घेतली. १९१८ साली खेडा जिल्ह्यात तंटा झाला तो पिकाच्या आणेवारीवर, पीक चार आण्यांच्या आत की बाहेर यावर. आणि १९२८ साली सुरत जिल्ह्यातील बारडोली तालुक्यात गोष्ट पुन्हा दुसऱ्या आकड्यापाशी आली. तेथे २२ टक्के वाढ लादली गेली. मुख्य आधार खंडाच्या नोंदींचा घेतला होता, आणि त्या नोंदी गावांत जाऊन पुरत्या तपासल्या नव्हत्या. वल्लभभाई पटेलांच्या सांगण्यावरून खातेदारांनी सारा भरण्याचे नाकारले. म्हशी जप्त झाल्या, जमिनी लिलावात गेल्या, पण कोणी दंगा केला नाही, कागद जाळला नाही. त्यांची मागणी फक्त एवढीच होती की आकडा कसा ठरला याची निःपक्षपाती चौकशी करा. अखेर ब्रूमफील्ड व मॅक्सवेल या दोन अंमलदारांनी खंडाच्या नोंदी गावोगाव पडताळून पाहिल्या. वाजवी वाढ निघाली ती ६ टक्क्यांच्या आसपास.

२२ आणि ६ यांतील अंतर म्हणजे न तपासलेल्या कागदाची किंमत होय. सुप्याच्या कुणब्यांच्या नशिबी अशी चौकशी आली नाही. १९३९ साली मुंबई सरकारने लँड रेव्हिन्यू कोडात दुरुस्ती करून आकारणीची तत्त्वे कायद्याच्या कलमांत घातली. तोपर्यंत, १८४७ च्या रिपोर्टापासून ९२ वर्षे, ती अंमलदारांच्या रिपोर्टांत व सरकारी ठरावांतच होती.